डोंगर गेला, पण खालचं पाणी?

इंदूरला देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडजवळून, म्हणजे शहराचा कचरा टाकून जिथे डोंगर झाला होता तिथून, जे आधी ये-जा करायचे त्यांना तिथला वास अजून आठवत असेल. 2018 च्या सुमारास तिथला जवळपास 13 लाख टन जुना कचरा बायोमायनिंग करून उचलला, म्हणजे खणला, वाळवला, चाळला, प्लास्टिक, माती, दगड वेगळं केलं आणि 100 एकरच्या आसपास जागा मोकळी झाली. खरंच मोठं काम झालं ते. पण मला काळजी आहे ती खालच्या पाण्याची.

नासकी भाजी पिशवीत तशीच राहिली की तळाला तपकिरी पाणी साचतं ना, तेच डंपवर होतं, त्याला लीचेट म्हणतात. भाजीच्या सालींत मुळातच 80 टक्क्यांच्या वर पाणी, त्यात वरून पाऊस, आपल्याकडे वर्षाला 900 मिमीच्या आसपास पडतो असं धरलं तरी एका एकरावर 36 लाख लिटर झालं. आत हवा नसते, मग जिवाणू कचरा सडवताना आम्ल बनवतात आणि त्या आंबट पाण्यात सेल, बॅटरीतले धातू विरघळतात. काही वर्षांनी आम्लपणा जातो पण अमोनिया कित्येक वर्षं निघतच राहतो.

आता आपली माळव्याची काळी माती. ओली असली की फुगते आणि पाणी अडवते, पण मे महिन्यात हीच माती हात जाईल एवढी फाटते, मग जूनचं पहिलं पाणी भेगांतून सरळ खाली, आणि खाली बेसाल्ट, त्यातही फटी, तिथे गाळून घ्यायला काहीच नाही, थेट कुणाच्यातरी बोअरिंगला!

म्हणून नव्या लँडफिलला, म्हणजे कचरा पुरायला नीट बांधलेल्या जागेला, खाली 90 सेमी दाबलेली चिकणमाती, त्यावर दीड मिमी जाडीचं प्लास्टिकचं अस्तर आणि लीचेट गोळा करायचे पाईप घालतात, ते पाणी शुद्ध करूनच सोडायचं असतं. जुन्या डंपखाली यातलं काहीच नव्हतं. त्याहून चांगलं म्हणजे ओला कचरा तिथे जाऊच न देणं, त्यासाठी 2022 ला आपल्याकडे रोज 550 टन क्षमतेचा बायोगॅस प्लांट सुरू झालाच, फक्त ओल्याच्या डब्यात सेल आणि डायपर टाकू नका हो.

कचरा उचलल्यावर नवी गळती थांबते, पण फटींत आधीच उतरलेलं हळूहळू सरकत राहतं. त्यामुळे जुन्या डंपच्या आसपास बोअरिंग असेल तर पावसाळ्याआधी आणि नंतर अमोनिया, नायट्रेट, क्लोराईड आणि धातूंची टेस्ट लॅबमधून करून घ्याच, उकळून जंतू मरतात, नायट्रेट आणि शिसं तसंच राहतं.