साठ, पासष्ट आणि एक जानेवारी

दसरा-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागल्या की बीड जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं तेवढी मागे राहतात. तालुक्याच्या गावी गरीब वृद्धांसाठी चालणाऱ्या ज्या केंद्रात मी परवा दिवसभर बसलो, तिथली गर्दीही याच दिवसांत वाढते. पत्र्याच्या दोन खोल्या, दुपारी भाकरी-वरण, आठवड्यातून एकदा रक्तदाबाची तपासणी. पण सगळ्यात लांब रांग जेवणाला नव्हती, सरकारी मदतीचे अर्ज लिहून देणाऱ्या टेबलापाशी होती.

असं का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात आणि पुढेही बरीच वर्षं खेड्यातल्या बाळंतपणाची नोंद बहुतेक घरच्यांच्या आठवणीतच राहिली. रझाकारी, बहात्तरचा दुष्काळ, 1993 चा किल्लारीचा भूकंप, या खुणांवर माणसं वय सांगतात. निराधारांना दरमहा पैसे देणारी राज्याची संजय गांधी निराधार योजना 1980 मध्ये आली. केंद्र सरकारचं वृद्धापकाळ निवृत्तीवेतन 1995 मध्ये सुरू झालं, तेव्हा त्यातले महिना 75 रुपये केंद्र सरकारचे होते. पुढे त्याचे 200 झाले आणि ऐंशीच्या आतल्यांसाठी तिथंच थांबले. राज्याने गरीब वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेची महिन्याची रक्कम 2019 मध्ये 600 वरून 1000 आणि 2023 मध्ये 1500 केली. खेड्यात याला कुणी अनुदान म्हणत नाही, ‘पगार’च म्हणतात.

हा पगार सुरू कधी व्हायचा, इथं सगळं अडतं. 1999 च्या राष्ट्रीय धोरणाने ज्येष्ठ नागरिक म्हणजे 60 वर्षांचा माणूस असं ठरवलं. आईवडिलांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदाही 60 च म्हणतो. राज्याच्या 2013 च्या धोरणाने मात्र 65 धरले. त्यावर बरीच ओरड झाली आणि 2018 मध्ये राज्यानेही ज्येष्ठत्वाचं वय 60 केलं. ज्येष्ठांच्या मेळाव्यांत तेव्हा पेढे वाटायचेच राहिले होते. पण धोरण बदललं तरी योजना होत्या तिथंच राहिल्या. श्रावणबाळला 65, पुरुषांना एसटीच्या अर्ध्या तिकिटाला 65, चष्मा-काठीसाठी एकदाच 3000 रुपये देणाऱ्या 2024 च्या वयोश्री योजनेलाही 65. फुकट एसटी 2022 मध्ये मिळाली, तीही पंचाहत्तरीनंतर. म्हणजे साठाव्या वर्षी माणूस कागदावर ज्येष्ठ होतो आणि पुढची पाच वर्षं त्याच्या हातात फारसं काही पडत नाही. ज्यांनी चाळीस हंगाम कोयता चालवला, त्यांची कंबर साठीच्या किती तरी आधी गेलेली असते. पैशाची ओढाताण हे कारण सरकारकडे असेलही, पण हाडामोडीची मजुरी करणाऱ्याला आणि पेन्शनवाल्याला एकच वय लावणं मला अन्यायाचंच वाटतं.

त्यात आधार कार्डाची भर पडली. नोंदणीच्या वेळी तारीख माहीत नसलेल्यांना अंदाजाचं साल आणि 1 जानेवारी मिळाली. केंद्रातल्या एका आजींच्या कार्डावर 01/01/1962 आहे. त्या हिशेबाने पासष्टी अजून भरत नाही. त्या म्हणाल्या, “बहात्तरला महं लेकरू कडंवर व्हतं, बापू. खडी फोडायची अन् सुकडी खायाची.” कार्ड खरं मानलं तर दुष्काळी कामावर त्या दहा वर्षांच्या होत्या. त्यांचं ते लेकरू आता पन्नाशी ओलांडून, बैलगाडी घेऊन पश्चिम महाराष्ट्रात गेलंय. सरकारी दवाखान्याचा वयाचा दाखला नियमात चालतो, पण कार्ड आणि दाखला जुळत नसले की अर्ज मागे येतो.

उत्पन्नाची अटही तशीच. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत हवं. रोजगार हमीची मजुरी 2025-26 मध्ये 312 रुपये होती. घरातलं एक माणूस 68 दिवस कामाला गेलं की ही मर्यादा ओलांडली जाते. मग तलाठी-तहसीलचे हेलपाटे, दरवर्षीचा हयातीचा दाखला, आणि आता पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येत असल्याने बोटांचे ठसे. खडी फोडून, कापूस वेचून झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला पुष्कळदा लागतच नाहीत.

केंद्राच्या हजेरीवहीत म्हणून वयाचे दोन रकाने आखलेत, एक कार्डावरचं, दुसरं सांगितलेलं. जेवणाचं ताट दुसऱ्या रकान्यावर मिळतं. आजींचा अर्ज वयाच्या दाखल्यासह लिहून तयार आहे, आणि आधी कार्डावरची तारीख दुरुस्त होते का, हे बघायला केंद्रातला एक मुलगा सोमवारी त्यांच्यासोबत जाणार आहे.