ट्रॅक्शन बार की स्टॅबिलायझर रॉड? पिकअपच्या मागच्या एक्सलला नेमकं काय हवंय

तुर्भ्यात किंवा कळंबोलीत गॅरेजवाल्याला "पिकअप मागून नाचते" एवढंच सांगून बघा. एक जण म्हणेल, एक पाटा, म्हणजे मागच्या लीफ स्प्रिंगची आणखी एक पट्टी, चढवून घ्या. दुसरा म्हणेल, स्टॅबिलायझर रॉड टाका, नाहीतर आहे ती जाड करा. आणि गॅरेजातलं एखादं तरुण पोरगं, ज्यानं अमेरिकन पिकअपचे व्हिडिओ रात्र रात्र पाहिलेत, ते ट्रॅक्शन बारचं नाव घेईल. तिघांचंही म्हणणं कुठल्या ना कुठल्या गाडीला लागू पडतं. तुमच्या गाडीला कुठलं, हे मात्र एक्सल, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा, कसा हलतोय ते पाहिल्याशिवाय कळत नाही.

पाट्यांचा विषय मधे येईलच, पण खरी गफलत होते ती ट्रॅक्शन बार आणि स्टॅबिलायझर रॉड या दोघांत. दोन्ही लोखंडी, दोन्ही मागच्या एक्सलजवळ, दोन्ही बुश (सांध्यातलं रबरी अस्तर) आणि बोल्टवर बसणारे. ऑनलाइन फोटोत तर कोण कुठला हे सांगताही येत नाही. गाडीखाली वाकून पाहिलं की फरक लगेच दिसतो. स्टॅबिलायझर रॉड आडवी असते, एका चाकाकडून दुसऱ्या चाकाकडे जाणारी, दोन्ही टोकं वळवलेली. ट्रॅक्शन बार गाडीच्या लांबीच्या दिशेनं असतो. त्याचं मागचं टोक एक्सलला आणि पुढचं टोक चेसिसला धरलेलं असतं, आणि तो बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना एकेक असतो.

आता काम. स्टॅबिलायझर रॉडचं काम सोपं आहे, तेव्हा ते आधी उरकू. गाडी वळणावर कलते, बाहेरच्या बाजूचा पाटा दबतो, आतला मोकळा होतो. ही रॉड दोन्ही बाजूंना जोडलेली असल्यानं ओला टॉवेल पिळावा तशी पिळली जाते आणि त्या पिळाला विरोध करत बॉडीला फार कलू देत नाही. दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर चढली तर ती नुसती फिरते, काही करत नाही. तिची ताकद जाडीच्या चौथ्या घातानं वाढते. 20 मिलिमीटरच्या जागी 22 ची भरीव रॉड टाकली की पिळाला होणारा विरोध जवळजवळ 46 टक्क्यांनी वाढतो. म्हणून "थोडी जाड" म्हणताना जपून. रस्त्यावर छान वाटेल, पण खडबडीत जागी एक चाक वर गेलं की ती दुसऱ्यालाही ओढते आणि चाक जमिनीवरून सुटायला वेळ लागत नाही. ज्याच्या हौद्यात माल उंच रचलेला असतो, वाशीच्या मार्केटमधून भाजीच्या गोण्या नाहीतर फ्रिज-वॉशिंग मशीनचे खोके घेऊन जो मुंब्रा बायपासची वळणं घेतो, त्याच्यासाठी ही रॉड. पण पुढे सुटताना मागून बसणाऱ्या धक्क्यांवर तिचा काडीचा उपयोग नाही.

ट्रॅक्शन बारची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे.

इंजिनाचा जोर मागे आणणारा प्रोपेलर शाफ्ट एक्सलमधल्या पिनियन या छोट्या गिअरला फिरवतो, पिनियन क्राउन या मोठ्या गिअरला, आणि चाकं पुढे जातात. चाकांना जितका जोर पुढे मिळतो, तितक्याच जोरानं एक्सलचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, उलटं फिरू पाहतं. पिनियनचं तोंड वर उठायला लागतं. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत हे थोपवायला वेगळे लिंक दिलेले असतात. पाट्याच्या गाडीत ते काम बिचाऱ्या पाट्यानंच करायचं असतं. वजन पेलायचं त्यानंच, एक्सल जागेवर धरायचा त्यानंच, आणि हा उलटा पीळही त्यानंच सोसायचा. जोर जास्त झाला की पाटा बाजूनं पाहिल्यास इंग्रजी एस अक्षरासारखा वाकतो. ओल्या रस्त्यावर अशा वेळी टायरची पकड सुटली, की वाकलेला पाटा झटक्यानं सरळ होतो. टायर पुन्हा पकडतो, पाटा पुन्हा वाकतो. हे एका सेकंदात कितीतरी वेळा घडतं आणि केबिनमध्ये मागून कोणी हातोडा मारतंय असं वाटतं. त्याची किंमत क्रॉस (प्रोपेलर शाफ्टचा सांधा), पिनियन, सेंटर बोल्ट (पाटे एकत्र धरणारा) आणि शॅकलचे (पाट्याचं टोक लटकवणाऱ्या दुव्याचे) बुश मोजतात.

हा पीळ किती मोठा असतो याचा अंदाज ढोबळ हिशेबानं घ्या. इसुझू व्ही-क्रॉस पिकअपच्या 1.9 लिटर डिझेलचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 360 न्यूटन-मीटर आहे. पहिला गिअर साधारण चारपट आणि डिफरन्शियल (पिनियन-क्राउनची जोडी) साधारण चारपट धरला, तर एक्सलवर 5,700 च्या वर न्यूटन-मीटर येतो. फोर-लो (चारही चाकांना जास्त जोर देणारा हळू गिअर) टाकला तर त्याच्याही अडीचपट, मग त्यातला काही पुढच्या एक्सलला गेला तरी मागच्या पाट्यांच्या वाट्याला बरंच उरतं. टोयोटा हायलक्स ऑटोमॅटिकचा टॉर्क तर 500 न्यूटन-मीटर आहे आणि तिलाही मागे पाटेच आहेत. कंपनीनं हे सगळं धरूनच पाटे दिलेले असतात, त्यामुळे मूळ अवस्थेतल्या गाडीला सहसा काही लागत नाही. अडचण सुरू होते ती आपण हात लावल्यावर. गाडी उचलायला एक्सल आणि पाट्याच्या मधे ब्लॉक टाकला की पाट्यावरचा पीळ वाढतो. मोठे टायर आले, इंजिन रीमॅप करून टॉर्क वाढवला, की आणखी वाढतो. अमेरिकेत ट्रॅक्शन बार आधी गाजले ते 1960 च्या दशकातल्या ड्रॅग रेसच्या पाटावाल्या गाड्यांवर, आणि आज ते तिथल्या अवाढव्य डिझेल पिकअपवर दिसतात, ज्यांचा नुसता इंजिनाचा टॉर्कच हजार न्यूटन-मीटरच्या पुढे जातो. त्यांचं बघून आपल्या बोलेरो पिकअपला बार लावणं म्हणजे हौस. हौसेला माझी ना नाही, पण तिला दुरुस्ती म्हणू नका.

कळंबोलीच्या ट्रकवाल्यांना हे सगळं नवीन नाही. दहाचाकी, बाराचाकी गाड्यांच्या मागच्या जोड-एक्सलला टॉर्क रॉड असते, ती हाउसिंगला फिरू न देण्याचंच काम करते. पिकअपच्या मेकॅनिकला ट्रॅक्शन बार समजावता येईना, तर टॉर्क रॉडचे बुश बदलणाऱ्या माणसाकडे जा. त्याला अर्ध्या वाक्यात कळेल.

मग आपल्या गाडीचं दुखणं कुठलं, ते ओळखायचं कसं? गाडी घोडबंदरच्या गायमुख घाटात जॅममध्ये चढावर उभी आहे, क्लच सोडताच मागून धडधड होते, सरळ रेषेत असतानाही होते, तर संशय पिळाचा. सरळ सुटताना काहीच होत नाही, पण वळणावर पोटात गोळा येतो, तर तो कल. खात्री करायची तर मोबाइल चेसिसला पक्का बांधा, कॅमेरा पिनियनकडे वळवा आणि मोकळ्या चढावर रेकॉर्डिंग करत दोन-तीनदा गाडी सोडा. पिनियनचं तोंड उठतंय की नाही ते स्पष्ट दिसतं. चालू गाडीखाली स्वतः वाकून बघण्याचा शहाणपणा कोणीही करू नये.

रिकाम्या आणि भरलेल्या गाडीत हे वेगळं दिसतं, त्यानंही लोक फसतात. भरलेल्या गाडीत टायर घट्ट पकडतो, म्हणून पीळ मोठा असूनही धडधड कमी आणि क्रॉसवरचा ताण जास्त. रिकामी गाडी पावसात चढावर लगेच नाचते, कारण टायर सुटायला वेळ लागत नाही. पाटा चढवण्याचा उपायही इथेच अडखळतो. मुख्य गठ्ठ्यात पाटा वाढवला तर पिळाला विरोध वाढतो हे खरं, पण रिकामी गाडी दगडासारखी चालते. हेल्पर पाटा, म्हणजे गठ्ठ्याला वेगळा जोडलेला जादा पाटा, तर माल भरल्यावरच टेकतो, रिकाम्या गाडीत तो नुसता प्रवासी.

काहीही विकत घेण्याआधी मात्र यू-बोल्ट (एक्सलला पाट्याशी आवळणारे), सेंटर बोल्ट आणि पाट्याचे बुश बघा. लोडिंगच्या जुन्या पिकअपमध्ये निम्म्याहून जास्त वेळा दोष तिथेच सापडेल, अशी माझी पैज. यू-बोल्ट सैल असेल तर एक्सल पाट्यावरच सरकतो, आणि त्यावर कितीही महाग बार लावला तरी तो चुकीच्या जागी सरकलेल्या एक्सलला घट्ट धरून ठेवेल. उघडलेले यू-बोल्ट पुन्हा न वापरता नवे टाकलेले बरे.

हे सगळं ठीक असूनही पिनियन उठत असेल, तर बार निवडा. सर्वांत साधा प्रकार पाट्याखाली क्लॅम्प होणारा आखूड बार. त्याच्या पुढच्या टोकाला रबर असतं आणि पीळ आला की ते पाट्याच्या पुढच्या डोळ्याजवळ (टोकाच्या गोल कडीजवळ) आपटून तो थांबवतं. स्वस्त, बसवायला सोपा, पण पाट्याचा प्रवास मोठा असेल तर त्रासदायक. दुसरा लांब सरळ बार, दोन्ही टोकांना एकेक बोल्ट. यात भूमिती चुकली की संपलं. एक्सल वर-खाली होताना एका कमानीत फिरतो, बारचं टोकही स्वतःच्या कमानीत फिरतं, आणि दोन्ही जुळल्या नाहीत तर ते एकमेकांना ओढतात. गाडी ताठर होते, ब्रॅकेट तडकतो. म्हणून अशा बारचं पुढचं टोक पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या जवळपास यायला हवं. तिसरा प्रकार एक्सलला वर आणि खाली अशा दोन ठिकाणी धरतो आणि पुढे चेसिसला शॅकलवर लटकतो. शॅकलमुळे तो पुढे-मागे सरकू शकतो, पण हाउसिंगला फिरू देत नाही. उचललेल्या फोर-बाय-फोरला, जिला खडकावर चाक मोकळं सोडायचं आहे, मी डोळे झाकून हाच सुचवेन.

आपल्या हवेसाठी टोकांना रबर किंवा पॉलियुरेथेन बुश घ्या. उघडा रॉड एंड (रबराविना धातूचा सांधा) रेसला शोभतो. ठाण्याच्या चिखलात आणि खाडीच्या दमट हवेत तो लवकर खडखडायला लागतो. बार एक्सलच्या खाली किती लोंबतोय ते मोजा, आपले स्पीडब्रेकर कुणाची गय करत नाहीत. हँडब्रेकची केबल आणि ब्रेकचा पाइप घासणार नाही ना, हेही चाक पूर्ण खाली लटकवून तपासा. हाउसिंगला वेल्डिंग करायला कोणी गॅस पेटवला तर थांबवा. उष्णतेनं एक्सलची नळी वाकली की सील आणि बेअरिंग रडतात. क्लॅम्प आणि हाय टेन्साइल बोल्ट हाच मार्ग.

आरटीओची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ तपशिलात बदल करायला मनाई करतं, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या तपशिलाविरुद्ध बदल चालणार नाहीत असं सांगितलं. व्यावसायिक पिकअपला फिटनेस प्रमाणपत्र लागतं, तेव्हा काम करण्याआधी ठाणे किंवा वाशीच्या कार्यालयात विचारून घ्या. आणि पाटा चढवला किंवा बार लावला म्हणून आरसीवरचं एकूण वजन वाढत नाही. ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000, हा दंड गाडीखाली काय लावलंय ते बघून कमी होत नाही.