‘सर्व हक्क स्वाधीन’ या ओळीमागचा इतिहास

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे. आपल्याकडचा पहिला कॉपीराइट कायदा १८४७ चा, म्हणजे वाचनालयाहून सात वर्षांनी धाकटा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे मराठी पुस्तक कुठल्याही जुन्या ग्रंथालयात हातात घ्या. सुरुवातीच्या पानांत बहुधा एक ओळ असतेच: हे पुस्तक सन १८६७ च्या २५ व्या आक्टाप्रमाणे नोंदवून सर्व हक्क स्वाधीन ठेविले आहेत.

१८४७ च्या कायद्यात हक्काची मुदत प्रकाशनापासून ४२ वर्षे किंवा लेखकाच्या मृत्यूनंतर सात वर्षे, यांत जी जास्त ती. पण दावा लावायचा तर पुस्तकाची नोंद झालेली हवी. १८६७ चा कायदा खरे तर छापखान्यांवर लक्ष ठेवण्यासाठी आणि छापल्या गेलेल्या पुस्तकांची सरकारी यादी करण्यासाठी होता. शुल्क भरून त्या यादीत केलेली नोंद कॉपीराइटचीही नोंद धरली जाई, म्हणून ती ओळ. १९१४ च्या कायद्याने ही अट काढली. ‘नोंदणी नाही तर हक्क नाही’ ही समजूत मात्र आजही भेटते, आणि ती चुकीची आहे.

सध्याचा कायदा १९५७ चा, लागू झाला २१ जानेवारी १९५८ ला. हक्क लिहिता क्षणीच जन्मतो आणि सहसा पहिला मालक लेखकच. त्याने सही करून लेखी दिले तेवढेच प्रकाशकाचे. आपल्याकडे मात्र पुष्कळ व्यवहार शब्दावर झाले. हस्तलिखित दिले, मानधन घेतले, पुस्तक निघाले. कॉपीराइटच्या खुणेपुढे अनेकदा लेखकाच्या पत्नीचे नाव छापले जाते. पण नुसते नाव छापल्याने हक्क हस्तांतरित होत नाही. पुढे नवी आवृत्ती काढताना सही कोणाची घ्यायची, हा पेच तिथूनच सुरू होतो. करार असला तरी त्यात काळ लिहिलेला नसेल तर तो पाच वर्षांचा आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता, हे १९९४ च्या दुरुस्तीने ठरवले. लेखकाच्या बाजूची ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

मुदतीची कथा वेगळी. १९५७ च्या कायद्यात ती मृत्यूनंतर ५० वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले. १९९१ अखेर त्यांचे साहित्य विश्वभारतीच्या, म्हणजे त्यांनीच शांतिनिकेतनात स्थापलेल्या आणि हक्क बाळगणाऱ्या विद्यापीठाच्या, हातून सुटणार होते. त्या निमित्ताने १९९२ मध्ये सगळ्यांचीच मुदत ६० वर्षे झाली. मोजणी लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून, मग हक्क कोणाकडेही असो. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत परवानगी हवीच. भगूरचे सावरकर १९६६ मध्ये गेले; त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन १ जानेवारी २०२७ पासून मुक्त होईल. मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाची साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात. शिवाय हाताशी असलेल्या आवृत्तीतली दुसऱ्याची प्रस्तावना, संपादकाच्या टिपा, मुखपृष्ठावरचे चित्र आणि अनुवाद असेल तर अनुवादकाचे शब्द, यांची मुदत ज्याची त्याची वेगळी.