गोरखपूर 2018 : गड नेमका कुणाचा?

उत्तर प्रदेशातल्या गोरखपूर लोकसभा मतदारसंघाला भाजपचा बालेकिल्ला म्हणायची सवय झाली आहे. मुळात तो गोरखनाथ मठाचा. 1989 मध्ये महंत अवैद्यनाथ इथून जिंकले ते हिंदू महासभेकडून. कमळ आलं 1991 ला. 1998 पासून सलग पाच वेळा याच मठाचे योगी आदित्यनाथ.

या गडाची चीर मात्र जुनी आहे. 1998 ला योगींचं मताधिक्य 26 हजारांचं होतं, 1999 ला ते 7,339 वर आलं. दोन्ही वेळा समोर समाजवादी पक्षाचे (सपा) जमुना प्रसाद निषाद. नावाडी-मच्छीमार निषाद समाज इथे संख्येने मोठा, पण त्याची मतं पुढे फुटत राहिली. 2014 ला तर सपा आणि मायावतींचा बहुजन समाज पक्ष (बसपा) दोघांनीही निषाद उमेदवारच दिले. योगी 3,12,783 मतांनी आले.

मुख्यमंत्री झाल्यावर सप्टेंबर 2017 मध्ये त्यांनी खासदारकी सोडली. रिकामी जागा सहा महिन्यांत भरावी लागते, म्हणून मतदान 11 मार्च 2018 ला. भाजपचे उपेंद्र दत्त शुक्ल हे 1989 नंतरचे पहिलेच मठाबाहेरचे उमेदवार. सपाने निषाद पक्षाच्या संस्थापकांचे चिरंजीव प्रवीण निषाद यांना सायकलवर उभं केलं. बसपा तेव्हा सहसा पोटनिवडणूक लढवत नसे. मायावतींनी पाठिंबा जाहीर केला तो 4 मार्चला. मशीनवर बसपाचा हत्ती नाही, तेव्हा सपाच्या सायकलचं बटण दाबा, हा निरोप आठवड्याभरात वस्त्यावस्त्यांत पोचवायचा होता. तो पोचला.

14 मार्चचा निकाल : प्रवीण 4,56,513, शुक्ल 4,34,632. फरक 21,881.

सपा-बसपाच्या बेरजेने काम केलं, हे स्पष्टीकरण अर्धंच. 2014 मधली दोघांची मतं जोडली तर 4,02,756 होतात, म्हणजे हरलेल्या शुक्लांपेक्षाही कमी. भाजपची मतं लाखाहून जास्त घटली, खरी गोम तिथे. मतदान 54 टक्क्यांवरून 47 च्या आसपास आलं आणि सर्वांत थंड राहिलं ते शहरात, जिथे भाजपचा हक्काचा मतदार. जागा आपलीच, मग रांगेत कशाला उभं राहायचं!

2019 ला प्रवीण निषाद स्वतःच भाजपमध्ये गेले आणि शेजारच्या संत कबीर नगरमधून निवडून आले. गोरखपुरात रवी किशन तीन लाखांवर मतांनी जिंकले. सपा-बसपाची युती तेव्हा रीतसर झाली होती आणि तिचा उमेदवारही निषादच होता.