बावन्न ते सत्तावन्न : खाशाबांच्या वजनगटाची पार्श्वभूमी

एखाद्या मल्लानं वजनगट बदलला की आता लगेच बातमी होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकनंतर तर घराघरांत किलो-ग्रॅमचा हिशेब सुरू झाला. कोल्हापुरात मात्र ज्या कुस्तीगिराचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं, त्या खाशाबा जाधवांच्या गोष्टीत वजनगट कुठेच येत नाही. गहाण पडलेलं घर येतं, त्यांच्या गोळेश्वर गावच्या बैलगाड्यांची मिरवणूक येते, सरकारी अनास्था येते. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते ५२ किलोच्या गटात लढले आणि चार वर्षांनी हेलसिंकीला ५७ किलोच्या, ही माहिती एका ओळीत उरकली जाते. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीची खरी कलाटणी त्याच ओळीत आहे, म्हणून हा पसारा.

आधी थोडं मातीबद्दल. आपल्याकडे कुस्तीत वजनकाटा फार उशिरा आला. जत्रेच्या फडात जोड लावायची ती वस्तादांच्या नजरेनं. पोराची उंची, मान, खांदा, त्यानं आधी कुणाला पाडलंय, कोणत्या तालमीचा आहे, एवढं बघून हात वर धरले जायचे. इनाम वाढत जायचं तसा जोडही वाढत जायचा. त्यामुळे किरकोळ अंगाच्या मल्लाला आपल्यापेक्षा जड गड्याशी खेळायची सवय लहानपणापासूनच लागायची. हौद्यातली मातीही त्याला साथ द्यायची. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मुरवलेल्या तांबड्या मातीत पाय रुततो, घामानं निसटणारी पकड माती लावली की पुन्हा बसते, आणि कुस्ती लांबली तर जडाचाही दम निघतो. राजर्षी शाहूंच्या काळात, १९१२ मध्ये सुरू झालेल्या खासबाग मैदानानं ही परंपरा हजारो लोकांसमोर आणली. पण तिथंही मान राहिला तो थोराड मल्लालाच. हलका गडी कौतुकाचा, जड गडी नावाचा, ही विभागणी तेव्हापासूनची आहे.

खाशाबा या विभागणीत हलक्या बाजूचे. कराडला शाळा झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात आले. कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत त्यांची अंगकाठी बघून आधी नकारच मिळाला होता आणि प्राचार्यांनी मध्ये पडून त्यांना उतरवलं, असं सांगितलं जातं. तेव्हा त्यांच्याकडे होतं काय? चपळाई, आणि हातात बसलेली ढाक. मान बगलेत धरून समोरच्याला कंबरेवरून फेकणारा हा डाव हलक्या मल्लाच्या अंगात आला की फार देखणा दिसतो, कारण त्यात ताकदीपेक्षा वेळेला महत्त्व असतं.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला त्यांना पाठवलं कोल्हापूर संस्थानानं. गट होता ५२ किलोचा, म्हणजे त्या वेळच्या आठ गटांतला सर्वांत हलका. वय २२. मॅटवर ते जवळजवळ नवखेच होते आणि आंतरराष्ट्रीय नियमांचाही सराव नव्हता. मातीत पाठ टेकवली की कुस्ती संपली, बाकी सगळी झटापट. मॅटवर मात्र प्रत्येक पकडीची, प्रत्येक कलाटणीची नोंद होते आणि कुस्ती चितपट झाली नाही तर पंच निकाल देतात. तरी त्यांनी ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लाला हरवलं, इराणच्या मल्लाकडून हरले आणि सहावे आले. त्या काळात भारतीय मल्लानं एवढ्या वर जाणं ही मोठीच गोष्ट होती. आपण मात्र पुढच्या पदकाच्या नादात या सहाव्या क्रमांकाकडे अजूनही नीट बघितलेलं नाही.

लंडनहून परतल्यावर दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. ज्या दरबारानं लंडनचा खर्च उचलला तो दरबारच कारभारातून गेला. १९५२ साली खाशाबांच्या हेलसिंकीच्या खर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर सात हजार रुपयांना गहाण ठेवलं, ही गोष्ट आपण त्यांच्या मोठेपणाची म्हणून सांगतो, आणि ते मोठेपण खरंच आहे. पण ती वेळ का आली, याचं उत्तर या विलीनीकरणात आहे. राजाश्रय संपला होता आणि सरकारी आश्रय अजून उभा राहिला नव्हता. त्या मधल्या फटीत एका प्राध्यापकाचं घर आणि गावकऱ्यांची वर्गणी होती.

दुसरा बदल शरीरातला. ५२ किलोचा गट हा मुळात पोरसवदा मल्लांचा. विशी-बाविशीत जे वजन सहज राहतं, ते पंचविशीनंतर धरून ठेवायचं म्हणजे खुराक तोडायचा. आणि मातीत वाढलेल्या मल्लाचा खुराक तोडणं म्हणजे त्याचा दमच तोडणं. जोर-बैठकांची संख्या तीच ठेवून दूध-तूप-बदाम कमी केलं की काट्यावर आकडा येतो, पण शेवटच्या पाच मिनिटांत हात उचलत नाही. तालमीत कुणालाही विचारा, हेच सांगतील. २६ व्या वर्षी ५७ च्या गटात जाणं हा त्यामुळे शहाणा निर्णय होता. एक गोष्ट इथं लक्षात ठेवायची. ५७ ही मर्यादा असते, वजन नव्हे. ज्याचं अंग नुकतंच ५२ ओलांडून पुढे आलंय त्याच्यासमोर वरून ५७ ला उतरलेला गडी येतो. गट बदलणारा मल्ल नव्या गटात बहुधा लहानच असतो. खाशाबांच्या बाबतीत मात्र मातीतली ती सवय, आपल्याहून जड गड्याशी खेळायची, इथं कामाला आली, असं मला ठामपणे वाटतं.

हेलसिंकीच्या आधी निवडीचा घोळ झाला. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला एक गुण मुद्दाम कमी दिला गेला, अशी त्यांची तक्रार होती. निवड करणाऱ्यांनी ऐकलं नाही म्हणून त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा चाचणी कुस्ती झाली आणि ती त्यांनी निर्विवाद जिंकली. म्हणजे पैसा कोल्हापूरचा, न्याय पतियाळाचा. ज्या यंत्रणेचं हे काम होतं तिनं दोन्हींतलं काहीच दिलं नाही.

आता हेलसिंकी. जुलै १९५२. ५७ किलोच्या गटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. मग जपानी मल्लाशी गाठ पडली. तो मूळचा ज्युदोचा खेळाडू आणि पुढे त्याच गटाचा विजेता; त्या ऑलिम्पिकमधलं जपानचं एकमेव सुवर्ण त्याचं. कुस्ती पूर्ण वेळ चालली आणि खाशाबा हरले. त्यानंतर लगेच त्यांना सोव्हिएत मल्लाशी खेळायला बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती असा नियम होता. तो नियम दाखवून थांबवायला भारतीय पथकातलं कुणीही मॅटजवळ नव्हतं. खाशाबा गेले, लढले आणि ३-० असे हरले.

हा ३-० फार गैरसमज पसरवतो. आजच्या डोळ्यांनी बघणाऱ्याला वाटतं की समोरच्यानं तीन गुण मिळवले आणि खाशाबांनी शून्य. तेव्हाची पद्धत तशी नव्हती. तीन पंच असत आणि कुस्ती निकाली झाली नाही तर प्रत्येक जण आपला कौल देई. ३-० म्हणजे तिघांनीही कौल एकाच बाजूला दिला. २-१ म्हणजे दोघं इकडे, एक तिकडे. जर्मनीच्या मल्लाविरुद्ध खाशाबा असेच २-१ नं जिंकले होते. म्हणजे ३-० वरून कुस्ती किती एकतर्फी झाली हे कळतच नाही. अगदी निसटती हरलेली कुस्तीही ३-० असू शकते. इंटरनेटवरच्या अनेक लेखांत "एकही गुण मिळवता आला नाही" अशी वाक्यं सर्रास दिसतात, ती या आकड्याच्या आजच्या अर्थातून आलेली आहेत. थकलेल्या माणसावर हा आणखी एक अन्याय.

त्याच वेळी आपल्या बाजूनं होणारी अतिशयोक्तीही थांबवायला हवी. "विश्रांती मिळाली असती तर सुवर्ण आलं असतं" हे वाक्य जयंतीच्या भाषणात दरवर्षी ऐकू येतं. सुवर्णाचा रस्ता जपानी मल्लाविरुद्धच्या पराभवातच जवळजवळ बंद झाला होता, कारण त्याच जपान्यानं सोव्हिएत मल्लालाही हरवलं. त्या अर्ध्या तासात पणाला लागलं होतं ते रौप्य. रौप्य म्हटल्यानं अन्याय लहान होत नाही. उलट नेमकं काय हिरावलं गेलं ते सांगितलं की बोट नेमकं रोखता येतं. ज्या मल्लाला तिकिटासाठी गाव फिरावं लागलं, त्याच्यासाठी अधिकृत पथकातल्या एका माणसानं मॅटशेजारी उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं. तेवढंही झालं नाही.

पदक कांस्यच आलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. "भारताचं पहिलं" म्हणताना १९०० सालच्या पॅरिसमधली धावण्याच्या शर्यतींतली दोन रौप्यपदकं आड येतात, म्हणून "स्वतंत्र" हा शब्द गाळू नये. पुढचं वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडलं, तेही टेनिसमध्ये. कुस्तीत २००८ पर्यंत वाट पाहावी लागली.

उरलेली कारकीर्द थोडक्यात. १९५५ मध्ये पोलीस खात्यात नोकरी लागली, गुडघ्याच्या दुखापतीनं मेलबर्न हुकलं आणि १९८४ मध्ये रस्ता अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता राज्याचा क्रीडा दिन म्हणून पाळला जातो, हे चांगलंच झालं.

कोल्हापूरच्या तालमींत आज माती आणि मॅट शेजारीशेजारी आहेत. स्पर्धेच्या सकाळी काट्यासमोर रांग लागते. आदल्या रात्री पाणी बंद केलेली, ओठ सुकलेली, दोन-दोन स्वेटर घालून मैदानाला फेऱ्या मारलेली पोरं लंगोटावर उभी असतात. आकडा बसला की आधी घोटभर पाणी, मग केळी. खाशाबांच्या वेळची तयारी आणि आजची तयारी यांतला सगळ्यात मोठा फरक मला या रांगेत दिसतो. नियमही कडक झालेत. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत दोन्ही दिवशी सकाळी वजन होतं. पूर्वी आदल्या संध्याकाळी वजन देऊन रात्रभरात अंग भरून काढता येई, आता दुसऱ्या सकाळी पुन्हा काट्यावर उभं राहावं लागतं. पॅरिसला भारताच्या महिला मल्लाचं पदक याच दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅमनं गेलं. ती ५३ किलोची खेळाडू, पण त्या गटातली देशाची जागा दुसरीकडे गेली म्हणून ५० ला उतरलेली. खाशाबा वर सरकले, ती खाली उतरली. वर सरकणाऱ्याला समोरच्याच्या ताकदीशी झुंजावं लागतं, खाली उतरणाऱ्याला स्वतःच्या शरीराशी. त्याच पॅरिसमध्ये पुरुषांच्या ५७ किलोत भारताला कांस्य मिळालं. तोकियोत याच गटात रौप्य आलं होतं. म्हणजे १९५२, २०२१ आणि २०२४, भारताची तीन पदकं ५७ याच आकड्यावर आहेत.

फरक एवढाच की तेव्हा ५७ हा खालून दुसरा गट होता, आज ऑलिम्पिकमधल्या पुरुषांच्या फ्रीस्टाइलचा तो सर्वांत हलका गट आहे. आठाचे सहा झाले आणि ५२ गेला. लंडनला गेलेल्या २२ वर्षांच्या खाशाबांना आज ऑलिम्पिकमध्ये जागाच नसती. इकडे राज्यात महाराष्ट्र केसरीची गदा ८६ ते १२५ किलोच्या खुल्या गटातल्या मल्लालाच मिळते. हलक्या गटांना पदकं आहेत, बक्षिसंही आहेत, पण पोस्टर लागतं ते गदेवाल्याचं.

मधल्या वजनाच्या पोरांचा प्रश्न तर आणखी अवघड आहे. बीड जिल्ह्यातल्या एका मल्लानं २०१८ मध्ये ५७ किलोत राष्ट्रकुल सुवर्ण घेतलं आणि पुढच्याच वर्षी ६१ किलोत जागतिक कांस्य. खाशाबांनंतर दोन वजनगटांत इतकी मोठी मजल मारणारा महाराष्ट्राचा दुसरा मल्ल मला तरी आठवत नाही. पण ६१ हा गट ऑलिम्पिकमध्ये नाही. ऑलिम्पिकला जायचं तर ५७ ला उतरा किंवा ६५ पर्यंत अंग वाढवा, एवढेच दोन रस्ते. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत आज साठ-एकसष्टच्या आसपासची जी पोरं पहाटे जोर मारतात, त्यांच्या वस्तादांना हा निर्णय पोरगं अठरा-एकोणीसचं असतानाच घ्यावा लागतो, आणि तो चुकला तर दुरुस्त करायला चार वर्षांनी पुढचं ऑलिम्पिक उजाडावं लागतं.