मास्टर्स जलतरण फक्त माजी विजेत्यांसाठी नाही

मास्टर्स म्हणजे प्रौढांसाठीचं स्पर्धात्मक जलतरण. 'राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा म्हणजे तरुणपणी पदकं मिळवलेल्यांचं काम' हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे आणि त्यापायी कितीतरी चांगले पोहणारे काठावरच राहतात. तो चुकीचा आहे.

1970 साली अमेरिकेत अमरिलो इथे पहिली राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा झाली. त्यामागचे डॉ. रॅन्सम आर्थर नौदलातले डॉक्टर होते. प्रौढांना नियमित व्यायामासाठी काहीतरी ध्येय मिळावं, हा त्यांचा हेतू होता.

नियमही तेच सांगतात. जागतिक पातळीवर 25 वर्षांपासून पुढे दर पाच वर्षांचा वेगळा गट असतो, म्हणजे साठीतल्या माणसाची तुलना तिशीतल्याशी होत नाही. रिलेत चौघांच्या वयांची बेरीज करून गट ठरतो. (माझ्या मते सगळ्यात सुंदर नियम हाच, कारण संघात वय वाढलेलं माणूस ओझं ठरत नाही.) उडी मारायची भीती वाटते? पाण्यात उतरून, भिंतीला धरून सुरुवात करता येते. बटरफ्लाय या पोहण्याच्या प्रकारात ब्रेस्टस्ट्रोकची, म्हणजे बेडकासारखी लाथही चालते. बाकीचे अजून पोहत असतील तर आधी पोहोचलेल्यांना आपल्या लेनमध्ये थांबू दिलं जातं, त्यामुळे शेवटच्याला एकट्यानं, रिकाम्या तलावात शर्यत संपवावी लागत नाही.

काही देशांच्या राष्ट्रीय स्पर्धांत पात्रतेची वेळ लागते, हे खरं. पण अमेरिकेत ती वेळ गाठलेली नसतानाही मोजक्या शर्यतींत उतरता येतं. म्हणून आधी प्रवेशाचे नियम वाचा.