आधी गाडी घेतली, मग ती आवडायला लागली

ताशी साठच्या पुढे गेलं की माझ्या बाईकच्या आरशात मागचं काही धड दिसत नाही. ट्रक आहे, बस आहे की रिकामा रस्ता, सगळं नुसतं थरथरतंय. तासभर चालवली की तळहाताला मुंग्या येतात, नंबरप्लेटचा एक नट तर दोनदा गळून पडलाय. आणि कुणी म्हणालं की व्हायब्रेशन जरा जास्तच आहे रे तुझ्या गाडीला, तर मी काय म्हणतो? "गाडीला जीव आहे!" वर त्याची गाडी गुळगुळीत चालते म्हणून तिला शिलाई मशीन म्हणून मोकळा होतो.

गंमत म्हणजे घ्यायच्या आधी मी पंधरा दिवस दोन गाड्यांमध्ये अडकलो होतो, दोन्ही सारख्याच आवडत होत्या. आज ती दुसरी सिग्नलला शेजारी येऊन उभी राहिली की मला तिची टाकीसुद्धा बेढब वाटते. टाकी तर तीच आहे ना!

बाईकवाल्यांचं ब्रँडवेड बघून लोक म्हणतात हा सगळा जाहिरातीचा परिणाम, आणि बाईकवाले म्हणतात छे, आम्हाला इंजिन कळतं. तर आधी इंजिनाचंच बघू (हा माझा आवडता भाग आहे, जरा सांभाळून घ्या).

हार्ले-डेव्हिडसन कंपनी १९०३ची, तिचं पहिलं व्ही-ट्विन १९०९चं. दोन सिलेंडर, मधला कोन ४५ अंश. एवढा अरुंद कोन का, तर तेव्हाची मोटरसायकल म्हणजे जवळजवळ सायकलच, तिच्या चौकटीत इंजिन मावलं पाहिजे. दोन्ही पिस्टनचे कनेक्टिंग रॉड क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणाऱ्या दांड्याच्या, एकाच पिनला जोडलेले, एका रॉडचं टोक चिमट्यासारखं दुभंगलेलं आणि दुसरा त्या फटीत बसवलेला. आता अशा फोर-स्ट्रोक इंजिनात एका सिलेंडरचा बार क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा उडतो, म्हणजे ७२० अंशांत एकदा. सिलेंडर दोन, तर सरळ वाटणी ३६०-३६० व्हायला हवी. पण पिन एकच आणि सिलेंडर एकमेकांपासून ४५ अंश तिरपे, त्यामुळे एक ठोका ३६० वजा ४५ म्हणजे ३१५ अंशांनी पडतो आणि पुढचा ३६० अधिक ४५ म्हणजे ४०५ अंशांनी. गाडी उभी असताना क्रँक मिनिटाला ९०० फेरे घेतेय असं धरलं तर एका फेरीला साधारण ६७ मिलिसेकंद, म्हणजे एक ठोका ५८ मिलिसेकंदांनी, दुसरा ७५ने. फरक फक्त १७ मिलिसेकंदांचा, पण कान तो बरोबर पकडतो आणि आपल्याला ती लंगडत चालल्यासारखी धडधड ऐकू येते.

ही धडधड लोकांना एवढी प्यारी की १९९४मध्ये कंपनीने चक्क आवाजाचा ट्रेडमार्क मागितला, प्रतिस्पर्धी कंपन्यांनी हरकती घेतल्या आणि २०००मध्ये अर्ज मागे घेतला गेला. डुकाटीच्या ९० अंशी व्ही-ट्विनमध्ये हाच हिशोब २७०-४५० होतो, म्हणजे वाटणी आणखी असमान, पण तिथे पिस्टनचे मुख्य धक्के काउंटरवेट, म्हणजे क्रँकवर उलट बाजूला वजन, लावून मारता येतात, ४५ अंशात ते पूर्ण जमत नाही. रॉयल एनफिल्डच्या ६५० ट्विनमध्ये तर सिलेंडर शेजारी-शेजारी आहेत, तिथे ३६०-३६० सहज जमलं असतं, तरी क्रँक मुद्दाम २७० अंशाची ठेवलीय, की ठोका तसाच असमान यावा. याचे बाकी फायदेही आहेत, दुय्यम धक्क्यांचं प्रकरण आहे ते, त्यात आत्ता शिरलो तर बाहेर येणार नाही.

सांगायचा मुद्दा, ज्याला रायडर गाडीचा आत्मा म्हणतो तो मुळात जागा पुरत नव्हती म्हणून केलेल्या तडजोडीतून आला. आधी तडजोड, मग कौतुक. आणि हा उलटा क्रम फक्त इंजिनात नाही, डोक्यातही आहे.

१९५६मध्ये मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी मुलींना टोस्टर, टेबल लॅम्प, रेडिओ अशा वस्तूंना मार्क द्यायला लावले, मग दोनातली एक निवडून घरी न्या म्हणाले आणि परत मार्क विचारले. निवडलेलीचे मार्क वाढले, सोडलेलीचे घसरले. आणि दोन्ही वस्तू आधी जितक्या सारख्या आवडलेल्या, तितकी ही सरकासरकी जास्त! माझी टाकी आठवली ना? २०१०मध्ये चेन आणि रायझन या संशोधकांनी अशा प्रयोगांवर रास्त शंका काढली की निवड मुळातल्याच आवडीचा पुरावा देत असेल, मत बदललंच नसेल, नुसता आकड्यांचा खेळ असेल. पण त्याच वर्षी टाली शेरॉट आणि सहकाऱ्यांनी लोकांना सांगितलं की पडद्यावर सुट्टीची दोन ठिकाणं क्षणभर दिसतील, त्यातलं एक निवडा. दाखवली होती निरर्थक चिन्हं. म्हणजे खरी निवड झालीच नव्हती, तरी 'आपण निवडलेलं' ठिकाण नंतर लोकांना जास्त आवडायला लागलं.

इथवर स्वतःच्या गाडीचं प्रेम झालं. दुसऱ्याच्या गाडीचा राग कुठून येतो? मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना सांगितलं की तुम्ही क्ले या चित्रकाराच्या गटातले, तुम्ही कँडिन्स्कीच्या. गट खरं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेले, गटात कोण आहे तेही मुलांना माहीत नाही. मग दोन्ही गटांतल्या मुलांना पैसे वाटायला सांगितले. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलंच, पण बऱ्याचदा आपल्या गटाला कमी मिळाले तरी चालतील, समोरच्यापेक्षा जास्त पाहिजेत असा हिशोब केला. नुसत्या चित्रकाराच्या नावावर हे होत असेल तर टाकीवर लोगो, जॅकेटवर लोगो आणि ऐकू येणारा वेगळा ठोका असताना काय होणार!

मेंदूच्या स्कॅनमध्ये ब्रँड आणि देव एकाच जागी उजळतात वगैरे बातम्या मात्र सोडून द्या, मेंदूचा एकच भाग पन्नास कामं करतो, तो उजळला म्हणून भक्ती सिद्ध होत नाही. तसंच हार्लेसारख्या क्रूझर बाईकवाले काही जण गाडीखाली छोटी घंटा बांधतात, रस्त्यावरची भुतं पळतात म्हणे, आणि ती स्वतः विकत घेतली तर चालत नाही, कुणीतरी भेट द्यावी लागते. ब्रेक पॅड बदलून घ्या राव, घंटा नंतर.

मागच्या महिन्यात ती दुसरी गाडी दिवसभर चालवायला मिळाली. आरशात मागचं सगळं लख्ख दिसत होतं, हाताला मुंग्या नाहीत. उतरल्यावर मित्राने विचारलं, कशी वाटली? म्हटलं, सीट जरा कडक आहे.